पात्रतेचा कागद आणि कामाची पारख

मराठीत ‘सुरक्षा’ हा एकच शब्द आज दोन अगदी निराळ्या नोकऱ्यांना लागतो. गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाशी नोंदवही घेऊन बसलेला रक्षक सुरक्षेचे काम करतो, आणि हिंजवडीतील किंवा ऐरोलीतील एखाद्या कार्यालयात रात्रपाळीला संगणकाच्या पडद्यावर उमटणारे इशारे एकामागून एक तपासणारा विश्लेषकही सुरक्षेचेच काम करतो. दोघांच्या पगारात, शिक्षणात आणि प्रतिष्ठेत मोठे अंतर असले, तरी एका बाबतीत दोघांची स्थिती सारखी आहे; कामावर घेण्यापूर्वी दोघांकडेही प्रशिक्षणाचा कागद मागितला जातो. पहिल्याकडे तो कायदा मागतो, दुसऱ्याकडे बाजार मागतो. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे संगणक, नेटवर्क आणि त्यांतील माहिती यांचे संरक्षण करणाऱ्या सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात हा कागद मिळवण्यासाठी हजारो तरुण पदरचे किंवा कर्जाचे पैसे खर्च करीत असल्यामुळे, त्याचा उपयोग होतो की नाही हा प्रश्न वारंवार विचारला जातो. मात्र या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. प्रमाणपत्रामुळे नोकरी मिळते काय, हा पहिला. आणि प्रमाणपत्रामुळे काम करता येते काय, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि ती वेगळी असूनही एकच मानली जातात यावरच प्रमाणपत्रांचा बराचसा व्यापार चालतो.

कायद्याने मागितलेल्या कागदाचे काय होते, हे आधी पाहणे उपयोगाचे ठरेल. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ साली झाला आणि त्याखालील २००६ च्या आदर्श नियमांनी रक्षकाच्या प्रशिक्षणाचे किमान प्रमाण ठरवून दिले : वर्गातील शिक्षण शंभर तास, प्रत्यक्ष क्षेत्रातील शिक्षण साठ तास, आणि हे सगळे किमान वीस कामाच्या दिवसांत विभागलेले. माजी सैनिक व माजी पोलीस यांना त्यात सवलत असून त्यांच्यासाठी चाळीस आणि सोळा तास पुरेसे धरले आहेत. आग विझवणे, गर्दी आवरणे, ओळखपत्रे तपासणे, प्रथमोपचार करणे, संशयास्पद वस्तू ओळखणे असे विषय या अभ्यासक्रमात येतात आणि ते सगळे योग्यच आहेत. तरीही या प्रमाणपत्रामुळे एखाद्या रक्षकाला दुसऱ्यापेक्षा चांगली नोकरी मिळते असे सहसा होत नाही, कारण जो कागद सर्वांकडे असावाच लागतो तो कोणालाच वेगळे करून दाखवत नाही. शिवाय माणूस उद्याच्या पाळीला हवा असलेली सुरक्षा संस्था आणि त्याला वीस दिवस शिकवणारी संस्था या अनेकदा एकाच घरातल्या असतात, आणि ग्राहक मात्र रक्षकाचा दरमहा दर पाहून कंत्राट देतो. अशा व्यवस्थेत प्रशिक्षण हे कौशल्याचे साधन राहण्याऐवजी कागदपत्रांच्या फायलीतील एक पान होऊन बसण्याचा धोका कायम राहतो. कायद्याचा हेतू त्यामुळे खोटा ठरत नाही. पण सक्तीचा कागद आणि गुणवत्तेची खूण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे यातून नक्की दिसते.

शिक्षणाचा रोजगाराशी असलेला संबंध अर्थशास्त्राने दोन प्रकारे समजावून सांगितला आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये विस्ताराने मांडलेला मानवी भांडवलाचा सिद्धांत सांगतो की, शिकल्यामुळे माणसाची उत्पादनक्षमता वाढते आणि म्हणून त्याला अधिक वेतन मिळते. यंत्रात गुंतवणूक करावी तशी ही माणसात केलेली गुंतवणूक होय. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये याच वस्तुस्थितीकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची क्षमता थेट दिसत नाही, म्हणून तो तिची एखादी बाह्य खूण शोधतो, आणि पदवी ही तशी खूण असते. ती मिळवताना माणूस काही शिकला नसला, तरी ती मिळवण्याइतका तो सक्षम आणि चिकाटीचा आहे एवढे तिच्यावरून कळते. यालाच संकेताचा सिद्धांत म्हणतात. त्यातील कळीची अट अशी की, संकेत मिळवण्याचा खर्च सक्षम माणसाला कमी आणि अक्षमाला जास्त पडला पाहिजे. दोघांनाही तो सारख्याच कष्टात मिळू लागला, तर संकेत निकामी होतो. येथे खर्च म्हणजे केवळ पैसा नव्हे. वेळ, बुद्धी आणि अपयश पचवण्याची तयारी हे सगळे त्यात येते. सायबर सुरक्षेच्या कोणत्याही प्रमाणपत्राचे मोल ठरवताना याच अटीची कसोटी लावावी लागते.

या कसोटीवर प्रचलित प्रमाणपत्रांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांवर आधारलेली, प्रवेशाच्या पातळीची प्रमाणपत्रे येतात. कॉम्पटिया या संस्थेची ‘सिक्युरिटी प्लस’ ही परीक्षा नव्वद मिनिटांची असून तिच्यात जास्तीत जास्त नव्वद प्रश्न असतात. भारतात पुष्कळ जाहिरात होणाऱ्या ‘सर्टिफाइड एथिकल हॅकर’ या परीक्षेत चार तासांत १२५ प्रश्न सोडवावे लागतात, आणि तिची प्रात्यक्षिक परीक्षा स्वतंत्र आहे. दुसऱ्या गटात अनुभवाची अट असलेली प्रमाणपत्रे येतात. १९९४ पासून दिले जाणारे ‘सीआयएसएसपी’ हे त्यांतील सर्वांत प्रतिष्ठित; त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण होणे पुरत नाही, तर अभ्यासक्रमाच्या आठ क्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांत पाच वर्षांचा कामाचा अनुभव आणि आधीच्या प्रमाणपत्रधारकाचा दुजोराही लागतो. तिसरा गट प्रत्यक्ष कृतीची परीक्षा घेणाऱ्यांचा. ‘ओएससीपी’ या परीक्षेत उमेदवाराला परीक्षेसाठीच उभारलेल्या संगणकांमध्ये शिरकाव करून दाखवण्यासाठी तेवीस तास पंचेचाळीस मिनिटे मिळतात, तेवढा वेळ कॅमेऱ्यातून त्याच्यावर लक्ष असते, आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत आपण काय केले याचा सविस्तर अहवाल त्याला लिहून द्यावा लागतो. पहिल्या गटातील परीक्षा घोकंपट्टीने, आणि फुटलेल्या प्रश्नांच्या ज्या संचांना विद्यार्थी ‘डम्प्स’ म्हणतात त्यांच्या आधाराने, पार करता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. तिसऱ्या गटात ती बरीच कमी असते, कारण समोरचे दार उघडले की नाही याबाबत वाद घालता येत नाही.

माहिती असणे आणि काम येणे यांतील फरक एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश मिळवण्याच्या ‘एसएसएच’ या पद्धतीसाठी कोणते पोर्ट, म्हणजे संगणकाचे कोणत्या क्रमांकाचे दार, वापरतात, हा प्रवेशपातळीच्या परीक्षांमधील ठरावीक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘२२’ असे आहे. आता रात्रपाळीच्या विश्लेषकासमोर त्याच सेवेचा लॉग, म्हणजे नोंदवही, आला आहे अशी कल्पना करावी. मध्यरात्रीनंतर दोन वाजून दहा मिनिटांपासून एकाच पत्त्यावरून मुख्य खात्यासाठी चुकीचा पासवर्ड दिल्याच्या शेकडो ओळी त्यात आहेत. ही सेवा इंटरनेटवर उघडी असलेल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर असे प्रयत्न अहोरात्र होत असतात, त्यामुळे एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्या शेकडो ओळींच्या मध्ये एक ओळ पासवर्ड स्वीकारला गेल्याची आहे, आणि ती मुख्य खात्याची नसून ‘बॅकअप’ नावाच्या दुय्यम खात्याची आहे. हे खाते कोणाचे, या वेळी बॅकअप घेण्याचे ठरलेले होते काय, तो पत्ता कंपनीच्या ओळखीचा आहे काय, त्यानंतर त्या खात्यावरून कोणती आज्ञा दिली गेली, आणि या क्षणी झोपेतून कोणाला उठवायचे, हे पाच प्रश्न ज्याला त्या क्रमाने सुचतात त्याला काम येते. पोर्ट २२ हे उत्तर त्याला ठाऊक असलेच पाहिजे, पण बाकीचे तेथून सुरू होते. देशाच्या संगणक सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या ‘सर्ट-इन’ या शासकीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते, आणि या सहा तासांची वेळ कोणाच्या प्रमाणपत्रासाठी थांबत नाही.

असे असूनही नोकरीच्या जाहिरातींत प्रमाणपत्रांची मागणी होतच राहते, याचे कारण तिची मुळे बहुधा कामाबाहेर असतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ च्या आपल्या नियमपुस्तिकेद्वारे माहितीच्या सुरक्षेचे काम करणाऱ्यांना ठरावीक प्रमाणपत्रे सक्तीची केली आणि त्यामुळे ‘सिक्युरिटी प्लस’सारख्या परीक्षांना एक मोठी, बांधलेली बाजारपेठ मिळाली. भारतात सर्ट-इनने मान्यता दिलेल्या लेखापरीक्षण संस्थांची जी माहिती प्रसिद्ध होते, तिच्यात सीआयएसएसपी किती, माहितीच्या सुरक्षेविषयीच्या आयएसओ २७००१ या मानकाचे प्रमुख लेखापरीक्षक किती, माहितीप्रणालींच्या लेखापरीक्षणाचे ‘सीआयएसए’ हे प्रमाणपत्र असलेले किती, अशा आकड्यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. संस्थेला हे रकाने भरायचे असतात, आणि रिकामा रकाना निविदेत वाईट दिसतो. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केल्यानंतर बँकांना आपली तयारी कागदोपत्री दाखवणेही आवश्यक झाले. अशा वेळी प्रमाणपत्र हे उमेदवाराच्या क्षमतेचा पुरावा असण्यापेक्षा मालकाच्या दक्षतेचा पुरावा अधिक असते. उद्या काही बिघडले तर ‘पात्र माणूस नेमला होता’ असे म्हणता यावे, ही त्यामागील गरज असते. ती गरज खोटी नाही, पण तिचा नोकरी मिळवणाऱ्याला होणारा फायदा कोणीतरी माणसे मोजत असेपर्यंतच टिकतो. ज्या कंपनीत नियामक किंवा ग्राहक माणसे मोजत नाही, तेथे तोच कागद पुष्कळ हलका होतो.

मागणीचे दुसरे कारण अधिक साधे आहे. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, ते पहिल्यांदा वाचणाऱ्या मनुष्यबळ विभागाला तंत्रज्ञान कळत नसते, आणि म्हणून ठरावीक शब्दांची चाळणी लावली जाते. या चाळणीतून पार होण्यासाठी प्रमाणपत्राचे नाव उपयोगी पडते; मुलाखतीच्या खोलीत पोहोचल्यावर त्याचे काम बहुधा संपलेले असते. चाळणी लावणारा अजाण असला की कशा अटी निघतात, हे नवख्या उमेदवारांसाठी काढलेल्या जाहिरातींत ‘सीआयएसएसपी असल्यास प्राधान्य’ असे जे वाक्य अधूनमधून दिसते त्यावरून ओळखावे. ज्या प्रमाणपत्रासाठीच पाच वर्षांचा अनुभव लागतो ते अननुभवी माणसाकडे मागणे म्हणजे लग्नाआधी जावयाकडे नातवाचा दाखला मागण्यासारखे आहे.

यातूनच या क्षेत्रातील एक विसंगती समजते. राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने २०१३ मध्ये पुढील पाच वर्षांत पाच लाख कुशल व्यावसायिक तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि तेव्हापासून माणसांचा तुटवडा हा शब्द प्रत्येक क्लासच्या पत्रकावर आला. तुटवडा खराच आहे, पण तो मधल्या फळीत आहे. चार-सहा वर्षे काम केलेले, घटना हाताळलेले लोक कमी पडतात. दारात मात्र नुकतेच उत्तीर्ण झालेल्या, अनुभव नसलेल्या ‘फ्रेशर’ मुलामुलींची गर्दी आहे. मधल्या फळीतील तुटवड्याचा आकडा दाखवून दारातील गर्दीला अभ्यासक्रम विकला जातो, ही या बाजाराची खरी मेख आहे. ‘पंचेचाळीस दिवसांत एथिकल हॅकर, शंभर टक्के प्लेसमेंट’ ही हमी म्हणजे पी हळद आणि हो गोरी असाच प्रकार आहे, आणि ज्या क्लासला शुल्क आधी मिळते त्याच्यावर ती खरी करून दाखवण्याचे कोणतेही बंधन उरत नाही.

कामाची खरी गरज कशी असते, हे पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यातून पाहता येते. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुटीचा दिवस होता. त्या दिवशी हल्लेखोरांनी एटीएम कार्डांच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची बनावट प्रतिकृती उभी करून, बँकेच्या मूळ संगणकप्रणालीला पत्ता न लागता, २८ देशांतील एटीएममधून पैसे काढण्यास मंजुरी मिळवली, आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेतून सुमारे चौदा कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवले. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटींचे होते. अशा हल्ल्याचा सुगावा लागण्यासाठी कार्डाची विनंती कोणत्या टप्प्यांतून जाते, मंजूर झालेले व्यवहार आणि खात्यातून वजा झालेल्या रकमा यांचा मेळ कधी घातला जातो, आणि सुटीच्या दिवशी तो कोण पाहतो, याचे ज्ञान लागते. हे ज्ञान बँकिंग आणि संगणक यांच्या सांध्यावर असते. सर्वसाधारण प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात या सांध्याला फारतर एखादे पान मिळते, कारण तो अभ्यासक्रम जगातील प्रत्येक कंपनीला लागू पडेल असा आखलेला असतो आणि हल्ला मात्र एका विशिष्ट संस्थेच्या विशिष्ट घडणीवर होतो. सहकारी बँकेत दहा वर्षे ताळमेळाचे काम केलेल्या एखाद्या कारकुनाला सुरक्षेची मूलतत्त्वे शिकवणे हे अनेकदा प्रमाणपत्रधारक नवख्याला बँक शिकवण्यापेक्षा सोपे ठरू शकते, हा विचार भरती करणाऱ्यांना क्वचितच सुचतो.

यावरून प्रमाणपत्रे निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल, आणि या टोकाच्या मताविरुद्ध दोन गोष्टी जोरकसपणे मांडता येतात. पहिली अशी की, सुरक्षेचे क्षेत्र विस्कळीत आणि अफाट आहे. स्वतःच्या बळावर शिकणारा विद्यार्थी आवडीच्या दोन-तीन विषयांत खोल जातो आणि बाकीचे त्याच्या नजरेसही पडत नाहीत. चांगल्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम हा त्याच्यासाठी संपूर्ण प्रदेशाचा नकाशा असतो आणि व्यवसायाची समान परिभाषाही त्याला तेथेच मिळते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रमाणपत्र बाजूला सारले तर भरती करणारा कशाच्या आधारे निवड करील, हा प्रश्न टीकाकार विचारत नाहीत. ओळख, महाविद्यालयाचे नाव, आडनाव आणि सफाईदार इंग्रजी हे त्याचे उत्तर असते. नांदेडच्या किंवा सांगलीच्या ज्या महाविद्यालयात मोठ्या कंपन्या भरतीसाठी पायही ठेवत नाहीत, तेथील मुलीला सर्वांसाठी सारखी असलेली परीक्षा ही पुण्या-मुंबईच्या उमेदवाराच्या बरोबरीने उभे राहण्याची एक जागा देते. परीक्षेला उमेदवाराचे गाव दिसत नाही, हा तिचा गुण लहान नाही.

मात्र हा गुण शुल्काच्या रकमेपाशी अडखळतो. सीआयएसएसपीच्या परीक्षेचे अमेरिकेतील शुल्क ७४९ डॉलर आहे, म्हणजे साठ हजार रुपयांहून अधिक. तो अनुभवी माणसाचा खर्च म्हणून सोडून दिला, तरी प्रवेशपातळीच्या परीक्षांची शुल्केही डॉलरमध्येच ठरतात, बहुतेकांना ठरावीक वर्षांनी नूतनीकरण लागते, आणि नापास झाल्यास पुन्हा पैसे भरावे लागतात. शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरातील विद्यार्थ्याला ही रक्कम एका प्रयत्नासाठीच जमवता येते, तर सधन घरातील विद्यार्थी तीन प्रयत्न करू शकतो. स्पेन्स यांच्या अटीच्या भाषेत सांगायचे तर, येथे संकेताचा खर्च क्षमतेनुसार बदलण्याऐवजी ऐपतीनुसार बदलू लागतो, आणि त्या प्रमाणात तो संकेत क्षमतेविषयी बोलण्याचे सोडून ऐपतीविषयी बोलू लागतो.

परीक्षा घेणाऱ्याचे हितसंबंध हाही याच चर्चेचा भाग आहे. जी संस्था शिकवते, तीच परीक्षा घेते आणि तीच उत्तीर्णांच्या संख्येवर आपली जाहिरात करते, तिला कडक परीक्षा परवडत नाही. व्यक्तींना प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांसाठीचे आयएसओ १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक निःपक्षपातावर भर देते ते यामुळेच, आणि सीआयएसएसपीने २००४ मध्ये त्या मानकानुसार मान्यता मिळवली यातही त्याच्या प्रतिष्ठेचे एक कारण आहे. गल्लीतील क्लासने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला अशी कोणतीही कसोटी नसते. फाटकावरच्या रक्षकाच्या बाबतीत दिसलेला दोष, म्हणजे ज्याला कागद हवा आहे त्यानेच तो देणे, येथे वातानुकूलित खोलीत पुन्हा भेटतो.

मग प्रवेशाचा रास्त मार्ग कोणता असावा? पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही शासकीय संस्था संगणक पायाभूत व्यवस्था व सुरक्षा यांवरील जी पदव्युत्तर पदविका चालवते, तिच्यात प्रवेशालाच परीक्षा आहे आणि शिक्षण सुमारे सहा महिने पूर्णवेळ चालते. प्रवेशाची गाळणी आणि दीर्घ सराव या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की संकेत आणि शिक्षण या दोहोंचा लाभ मिळतो. ज्यांना हे शक्य नाही त्यांच्यासाठी पुरावा निर्माण करण्याचे स्वस्त मार्ग आजही खुले आहेत. जुन्या संगणकावर दोन-तीन आभासी यंत्रे उभारून एकावरून दुसऱ्यावर हल्ला करून पाहणे, त्याचा लॉग वाचणे, आणि काय घडले हे चार पानांत स्वच्छ लिहून काढणे, यासाठी लागणारी साधने विनामूल्य मिळतात. सुरक्षेतील अर्धे काम लेखनाचे असते, कारण धोका सापडणे पुरेसे नसून तो निर्णय घेणाऱ्याला पटवावा लागतो. आणि असा चार पानांचा अहवाल बहुपर्यायी परीक्षेतील गुणांपेक्षा उमेदवाराविषयी पुष्कळ अधिक सांगतो. मालकांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे. प्रत्येक उमेदवाराला एक खराखुरा लॉग देऊन दोन तासांत त्याचा अर्थ लिहायला सांगणे हे कोणत्याही कंपनीच्या आवाक्यातले आहे, आणि नियामकाच्या रकान्यासाठी प्रमाणपत्र हवेच असेल, तर माणूस कामावर घेतल्यानंतर त्याचा खर्च कंपनीने करणे न्याय्य ठरते, कारण तो रकाना कंपनीचा असतो.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते. प्रमाणपत्रामुळे अर्ज वाचला जाण्याची शक्यता वाढते, जेथे नियामक किंवा ग्राहक माणसे मोजतो तेथे नोकरी मिळण्याचीही वाढते, आणि अनुभवी माणसाला बढतीसाठी त्याचा निश्चित उपयोग होतो. पण अनुभवाची जागा ते घेत नाही आणि नवख्याची अडचण ते एकटे सोडवत नाही. प्रवेशपातळीचे एक मान्यताप्राप्त प्रमाणपत्र घेणे शहाणपणाचे आहे, तर एका पाठोपाठ एक अशी चार घेणे हा बहुधा भीतीपोटी केलेला खर्च असतो. कोणत्याही अभ्यासक्रमाला पैसे भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी एकच प्रश्न विचारावा : यातील काहीही न समजता हा कागद मिळवता येईल काय? उत्तर ‘होय’ असे आले, तर नोकरी देणाऱ्यालाही ते ठाऊक असते, असे धरून चालावे.